भोंगा बंद झाल्यावर

परदेशीपुऱ्यातल्या मिलच्या चाळीत घड्याळ नव्हतं असं नाही. दत्तोपंतांच्या घरी एक होतं, भिंतीवरचं, किल्लीचं. पण वेळ विचारायला त्यांच्याकडे कुणी जात नसे. पहाटे पाचला मिलचा पहिला भोंगा व्हायचा आणि सगळी चाळ उठायची. म्हातारी उठायची, तान्ही उठायची, रात्री पिऊन पडलेले शिव्या घालत का होईना पण उठायचे. साडेसहाला दुसरा भोंगा, सातला तिसरा. तिसऱ्यानंतर गेट बंद.

मालोजी शितोळे कताई खात्यात होता. दिवस मिलचा, संध्याकाळ संसाराची, पण पहिल्या आणि दुसऱ्या भोंग्यामधला दीड तास त्याचा स्वतःचा होता. त्या दीड तासात मिलच्या मागच्या मैदानावर तो चाळीतल्या पोरींना खो-खो शिकवायचा.

शिकवायचा म्हणजे काय, त्याला बघूनच पोरी शिकायच्या. मालोजीच्या उमेदीत मिलच्या संघाचे सामने असले की नंदानगरपासून लोक चालत यायचे. खो-खोत आठ गडी मधल्या पट्टीवर उकिडवे बसतात आणि नववा पळत्याच्या मागे लागतो. मागे लागणाऱ्याला बसलेल्यांच्या मधून घुसता येत नाही, की उलट फिरता येत नाही. फिरायचं तर टोकाच्या खुंटापर्यंत जावं लागतं. म्हणून पळत्याची खरी परीक्षा खुंटापाशी. मालोजी तिथे एक हूल द्यायचा. मागच्याला वाटायचं, हा उजवीकडे गेला. तो उजवीकडे झेप टाकायचा आणि मालोजी डावीकडे हातभर लांब उभा राहून हसत असायचा. ही हूल त्याला कुणी शिकवली नव्हती. सोळाव्या वर्षी एकदा दिली, जमली, आणि मग जमतच राहिली.

त्याला दोन मुली. थोरली सुनंदा, धाकटी शशिकला. शशिकलेचे पाय बापाचे. ती धावायला लागली की हिला हाडं आहेत की नाहीत असं वाटायचं. सुनंदा अंगानं भरलेली, पावलं जड, नाकासमोर धावणारी. चाळीतल्या बायका म्हणायच्या, एकाच चुलीवरच्या दोन भाकऱ्या, पण एक फुगली आणि एक नाही फुगली.

दत्तोपंत मिलच्या टाइम ऑफिसात कारकून आणि चाळीच्या खो-खो मंडळाचे चिटणीस. सकाळी फिरायला म्हणून मैदानाच्या कडेला येऊन उभे राहायचे. ते एकदा म्हणाले, "मालोजी भिया, थोरली फार नेमाची आहे हं. तुमच्या आधी येते, पाणी शिंपडते, फक्कीच्या रेषा मारते. मी बघतो ना रोज."

मालोजी हसला. "पंत, नेमाचं कसलं कौतुक? भोंगा झाला की आपल्या गल्लीतली कुत्रीपण उठतात. नेम तर मिलनं सगळ्यांना फुकट वाटलाय. पाय मात्र देवाकडूनच आणावे लागतात."

या बोलण्यात खोट कुठे होती ते कळायला मिल बंद पडावी लागली.

शशिकलेला त्यानं आपली हूल शिकवली. दोन सकाळी लागल्या, तिसऱ्या सकाळी ती बापालाच हूल देऊन निघून गेली. मालोजी मैदानात कमरेवर हात ठेवून कितीतरी वेळ हसत राहिला. सुनंदा पट्टीवर आपल्या चौकोनात बसून होती. खेळ संपल्यावर ती जवळ आली.

"बाबा, मलापण दाखवा ना ते खुंटावरचं."

"तुझ्या पायांचं काम नाही ते बेटा. तू बसायला पक्की आहेस. बसणारे पक्के नसले तर संघ कसला?"

"हओ," ती म्हणाली आणि खुंट पुसायला गेली.

ती रागावली असती तर मालोजीच्या लक्षात तरी राहिलं असतं.

मग एके दिवशी पाचला भोंगा झाला नाही.

मालोजी जागा झाला तेव्हा ऊन खिडकीतून आत येऊन शशिकलेच्या तोंडावर पडलं होतं. तो ताडकन उठला, आंघोळ नाही, चहा नाही, सदरा उलटा घालून धावत सुटला. वाटेत बघतो तर अख्खी चाळ तशीच धावतेय. कुणाच्या पायात दोन वेगळ्या चपला, कुणाच्या गालाला अर्धा साबण. गेटवर पोचले तर आत चिटपाखरू नाही आणि फाटकावर टाइप केलेला एक कागद. दत्तोपंतांनी चष्मा पुसून तो मोठ्यानं वाचला, मग पुन्हा एकदा वाचला. वीज तोडली होती. पुढली सूचना मिळेपर्यंत काम बंद.

"पुढली सूचना कधी?" मालोजीनं विचारलं.

"ते कागदात नाही, भिया."

घरी आल्यावर शशिकला अजून झोपलेलीच होती. सुनंदाचं अंथरूण घडी करून कोपऱ्यात ठेवलेलं होतं. मालोजीनं ते पाहिलं, पण पाहून न पाहिल्यासारखं.

त्यानंतर महिन्याभरानं दत्तोपंत संध्याकाळी घरी आले. हातात खो-खो संघटनेचं एक पत्र. प्रत्येक मंडळानं एकोणीस वर्षांखालच्या एका मुलीचं नाव पाठवायचं. जबलपूरला एक महिन्याचं शिबिर, त्यातून राज्याचा संघ. एकच नाव.

मालोजीच्या बायकोनं, शैलजानं, पंतांपुढे चहा ठेवला. सुनंदा कोपऱ्यात लसूण सोलत होती. शशिकला आरशासमोर वेणी घालत होती, पण कान इकडे.

"लिहा पंत," मालोजी म्हणाला. "शशिकला मालोजी शितोळे."

दत्तोपंतांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "थोरलीला आता सतरा संपतील. तिला पुढचं एकच वर्ष. धाकटीला अजून तीन आहेत. म्हणून आपलं म्हटलं."

"पंत, मिल गेली. निदान या घरातून एक चीज तरी अशी बाहेर जाऊ दे की लोकांनी मान वर करून बघावं. लिहा."

पंतांनी लिहिलं. पेनाची कुरकुर थांबली. मग सुनंदा म्हणाली, "शशी, तुझे बूट फाटलेत. माझे घेऊन जा."

"तुझे एक नंबर मोठे आहेत ना ताई."

"पुढे कापूस घाल. बावीस वर्षांचा कापूस बाबांच्या खिशातून झाडला तरी निघेल."

सगळे हसले. मालोजी सगळ्यांत मोठ्यानं हसला, कारण त्याला वाटलं, चला, पोरीनं मनाला लावून घेतलं नाही.

शशिकला गेली आणि नवव्या दिवशी परत आली. दुपारी मालोजी ओसरीवर आडवा झालेला, डोळे उघडतो तर समोर ही, खांद्याला पिशवी.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही. जेवण खराब होतं."

संध्याकाळपर्यंत ती तेच सांगत राहिली. दिवा लागल्यावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून बोलली. "चार दिवस तर खेळच नाही. उकिडवे बसा, उठा, बसा, पळा, परत बसा. मी म्हटलं, मॅडम, खेळ कधी? तर म्हणे हाच खेळ. पाचव्या दिवशी मॅच लावली. सागरची एक पोरगी होती, ताईसारखी. मतलब, साधीच. माझी हूल दोनदा खाल्ली तिनं. तिसऱ्यांदा ती हललीच नाही ना! नुसती उभी राहिली आणि मी आपणहून तिच्या हातात. मग रोज तेच. चार-चार वेळा बाद केलं मला. सगळ्या हसत होत्या."

"मग?" मालोजी म्हणाला.

"मग काय. मला नाही आवडलं."

मालोजीला रागवायचं होतं, पण रागवायचं कशावर? या पोरीला चाळीत आजवर कुणी शिवलंच नव्हतं. हरल्यावर घरी जाऊन भाकरी खायची, झोपायचं आणि सकाळी परत त्याच मैदानावर यायचं, ही गोष्ट तिला कुठून ठाऊक असणार? तरी नऊ दिवस काढले तिनं. बापानं काय काढलं होतं? मिल बंद झाल्यापासून तो मैदानाकडे फिरकला नव्हता.

आणि तो एकटाच नव्हता. भोंगा गेल्यावर पोरी यायच्या बंद झाल्या. मंडळ मोडलं असं कुणी म्हटलं नाही, ते आपोआप विरून गेलं. मालोजी आठ-साडेआठला उठायचा आणि गेटसमोरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसायचा. तिथे वीस-पंचवीस जण रोज असायचे.

"चालू होणार भिया. बंबईची पार्टी बोलणी करतेय."

"तू पार्टी पाहिलीस का?"

"पाहिली नाही, पण पक्की खबर आहे."

"मागच्या महिन्यातपण पक्कीच होती, बावा. तुझी खबर तुझ्या बायकोच्या पोह्यांसारखी आहे, रोज ताजी आणि रोज तीच."

हसायचे सगळे, आणि हसून झालं की फाटकाकडे बघायचे. मालोजीच्या कानात बावीस वर्षांची घरघर साठलेली होती. आता ती बाहेर नव्हती म्हणून आत ऐकू यायची. कापसाची धूळ नाकात जायची तेव्हा तो खोकून हैराण व्हायचा. आता वाटायचं, एकदा तो वास यावा. पण सगळ्यांत जास्त त्याला आठवायचा तो दीड तास. ओल्या मातीवरची फक्की, पोरींचा कलकलाट, उगवतीकडे मिलच्या चिमणीमागून वर येणारा उजेड. भोंगा सुरू झाला की परत सुरू करू, तो स्वतःशी म्हणायचा. भोंगा तेवढा सुरू होऊ दे.

शशिकलेचं बरं चाललं होतं. विजय नगरात नवी दुकानं निघत होती, त्यातल्या एका कपड्यांच्या दुकानात ती लागली. टेंपोत बसून जायची, नवी भाषा शिकून यायची. बोलण्यात गिऱ्हाइकालाही अशी हूल द्यायची की एक घ्यायला आलेली बाई तीन घेऊन जाई. सुनंदा घरीच साड्यांना फॉल लावायची आणि पिको करायची, संध्याकाळी काम पोचवायला बाहेर जायची. पहाटे नळावरून पाणी आणायचं तिच्याकडेच होतं. मालोजी उठायचा तेव्हा हंडे भरलेले असायचे. भरलेल्या हंड्याकडे कोण बघतो?

दिवाळीनंतर शैलजाला ताप आला. एका पहाटे तिनं पाणी मागितलं. मालोजीनं उठून पाहिलं तर हंडा रिकामा, कळशी जागेवर नाही, सुनंदा नाही. तो डोळे चोळत नळावर गेला. अंधार फिटायचा होता. चार-पाच बायका शाली गुंडाळून बसलेल्या.

"आज सूर्य कुठून उगवणार बाई? शितोळे भिया नळावर!"

"नळ कधी येणार?"

"साडेसहाला. रोजच साडेसहाला येतो. तुमच्या नशिबात नाही, तुम्ही झोपलेले असता."

रांगेत भांडी ओळीनं लावलेली होती. चौथी त्याच्या घरची कळशी, पितळेची, कडेला चेपलेली. "आणि सुनंदा?"

"ती रोज कळशीनं नंबर लावते आणि जाते मैदानावर. पाणी आलं की आम्ही हाक मारतो."

"रोज?"

"भोंगा होता तेव्हापासून. तेव्हा तर भोंग्याच्याही आधी जायची. तुम्हाला नाही माहीत?"

मालोजी मैदानाकडे चालू लागला.

मैदानावर गवत माजलं होतं. एक खुंट कुणीतरी सरपणाला नेला होता, त्या जागी बांबू रोवलेला. मधली पट्टी मात्र स्वच्छ झाडलेली. त्या पट्टीवर ओळीनं आठ विटा उभ्या केल्या होत्या, आणि एकीला या बाजूनं, दुसरीला त्या बाजूनं फक्कीचा ठिपका. कोण कुणीकडे तोंड करून बसलंय ते कळावं म्हणून. सुनंदा त्या आठ विटांमधून नागमोडी धावत होती. तोंडानं मोजत होती. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, पायात तेच बूट, बहिणीला दिलेले आणि परत आलेले.

मालोजी मिलच्या पडक्या भिंतीआड उभा राहिला.

ती खुंटापाशी आली, हूल दिली, पाय अडखळला, पडली. उठली, माती झटकली आणि धावत नाही, चालत मागे गेली. तिसऱ्या विटेपाशी उभी राहिली आणि पुन्हा आली. पुन्हा पाय अडखळला. पुन्हा मागे. मालोजीनं मोजलं, सात वेळा. सातव्यांदा ती पडली नाही, इतकंच. तरी ती परत मागे गेली.

मालोजीनं जन्मात कुठलीच गोष्ट सात वेळा केली नव्हती. पहिल्यांदाच जमायची, मग पुन्हा कशाला करायची? आणि जी पहिल्यांदा जमली नाही ती त्यानं सोडून दिली होती. मिल बंद झाली तेव्हा त्याला काही जमेना, तर त्यानं उठणंच सोडलं.

तिचा खांदा चुकत होता. हूल पायात नसते, खांद्यात असते. ते त्याला तिथून, त्या अंधुक उजेडात दिसत होतं. हाक मारून सांगावं असं त्याच्या ओठांपर्यंत आलं. पण ज्या पोरीला म्हटलं, तुझ्या पायांचं काम नाही, तिला आता भिंतीआडून काय सांगणार? नळाकडून हाक आली. ती कळशीकडे धावली आणि तो दुसऱ्या वाटेनं घरी आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे जायचं ठरवून तो झोपला आणि उठला तेव्हा आठ वाजले होते. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी तो दत्तोपंतांकडे गेला.

"पंत, तुमच्या घड्याळात गजर आहे का?"

"होता. आता नुसती घरघर करतं. का हो?"

"काही नाही." मालोजी पायरीवर बसला. बोटांनी पायरीचा पोपडा काढत राहिला. "यंदाचं पत्र आलं असेल ना जबलपूरचं? सुनंदाचं नाव लिहा पंत. चुकलं माझं. गेल्या वर्षीच लिहायचं होतं."

दत्तोपंतांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "कुठल्या मंडळातून लिहू? आपलं मंडळ आता कागदावरपण नाही. बारा पोरी दाखवाव्या लागतात."

"मी गोळा करतो. दारोदार जातो."

"मालोजी भिया," पंत हळू आवाजात म्हणाले, "तिचं नाव गेलंय. बडा गणपतीकडचं जे मुलींचं मंडळ आहे ना, त्यांनी पाठवलं. आठवड्यातून तीन संध्याकाळी जाते ती तिकडे. पायी. सहा महिने झाले."

"साड्या पोचवायला जाते म्हणून सांगते घरी."

"साड्यापण पोचवते. खोटं नाही बोलली ती."

मालोजी पुन्हा पोपडा काढू लागला. "मला का नाही सांगितलं तिनं?"

पंतांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुम्ही कधी विचारलं होतं?"

घरी येताना मालोजीला वाटत होतं, आता उरलं काय आपल्याकडे? नाव देता आलं असतं, ते दुसऱ्यांनी दिलं. एक हूल तेवढी राहिली. ती खांद्यातली गोष्ट. ती सांगायला तरी वेळेवर उठता यायला हवं.

त्या रात्री झोपताना तो एकापाठोपाठ दोन तांबे पाणी प्याला. शैलजा म्हणाली, "अहो, काय झालंय तुम्हाला?" तो म्हणाला, "गजर लावतोय." आणि खरंच, पहाटे ओटीपोट तटतटून जाग आली तेव्हा चाळ अजून निजलेली होती.

सुनंदा विटा लावत होती. पावलं ऐकून तिनं वर पाहिलं.

"बाबा? आईला जास्त आहे का?"

"नाही नाही. ती बरी आहे. मी आपला आलो."

ती वाट बघत उभी राहिली. मालोजीनं रस्ताभर जे जुळवलं होतं ते एकाएकी कुठेतरी गेलं.

"पंतांनी सांगितलं मला. जबलपूरचं."

"हओ. पंधरा तारखेला निघायचंय. सांगणार होते. त्या फॉर्मवर तुमची सही लागेल."

"देतो ना. देतो सही." तो खुंटाकडे वळला. "ती खुंटावरची हूल आहे ना, ती तू पायानं देतेस. ती खांद्यात असते. मी दाखवतो."

सुनंदानं मान खाली घातली. "माहीत आहे बाबा. शशीनं सांगितलं. रविवारी येते ती माझ्याबरोबर. आता जरा जमायला लागलंय."

मालोजीला वाटलं, हातातलं शेवटचं नाणंही कुणीतरी आधीच देऊन टाकलंय. पण नाणं शेवटी पोचायला हवं होतं तिथेच पोचलं होतं. धाकटीनं पोचवलं होतं. ते तिला जमलं होतं. तो विटांकडे बघत उभा राहिला. घरी जावं, की उभं राहावं, की बसावं?

"मग मी काय करू?" त्यानं विचारलं. इतकं साधं त्यानं कुणालाच कधी विचारलं नव्हतं.

सुनंदानं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. त्याचे पाय पाहिले, पोट पाहिलं.

"मागे लागा," ती म्हणाली.

"मी?"

"विटा मागे लागत नाहीत ना. बडा गणपतीकडच्या पोरी आता मला शिवू शकत नाहीत. जबलपूरच्या शिवतील. मला पूर्ण सात मिनिटं कुणीतरी मागे पाहिजे. खो द्यायला कुणी नाही, तेव्हा तुम्ही एकट्यानंच धावायचं. पण नियमानं. विटांमधून यायचं नाही."

"मला नियम शिकवतेस?" मालोजी म्हणाला आणि पायजमा वर खोचायला वाकला, कारण डोळे दाखवायचे नव्हते.

तो सुटला. पहिल्या फेरीत पायांना सगळं आठवलं. वीट, वीट, वीट, खुंट. त्याला जुनं वारं कानाला लागलं. दुसऱ्या खुंटापाशी तिची पाठ इतकी जवळ आली की त्यानं हात पुढे टाकला. तिचा खांदा उजवीकडे गेला, त्याचा हातही उजवीकडे गेला, आणि ती डावीकडे हातभर लांब होती. हसत नव्हती. पुढे पळत होती, ओठ हलत होते, मोजत होती.

त्याचीच हूल. पण त्याच्यासारखी नाही. त्याची हवेतून आल्यासारखी यायची. हिची एकेक धागा घालून विणलेली. ही उसवणार नव्हती.

दीड मिनिटात त्याचा श्वास संपला. बरगडीखाली कळ आली, डोळ्यांपुढे काजवे. त्यानं गुडघ्यांवर हात टेकले, मग मातीत बसला. मनात आलं, बस झालं, आपलं वय नाही, लोक बघतील तर हसतील. ही सगळी वाक्यं त्याच्या ओळखीची होती. वर्षभर त्यांच्याच संगतीत तो कडुनिंबाखाली बसला होता.

सुनंदा पाच विटा पलीकडे थांबली. जवळ आली नाही, हात दिला नाही.

"बाबा, मी तीन वर्षं शशीच्या मागे धावले," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, जसं कुणी दुकानाचा पत्ता सांगतं तसं सांगितलं. "एकदाही शिवता आली नाही ती मला. उठा. अजून साडेपाच मिनिटं आहेत."

"नाही शिवणार तुला मी."

"नका शिवू. मागे लागा फक्त."

मालोजीनं एक हात जमिनीला टेकला. गुडघा कट्‌कन वाजला. तो उठला, तोंडावरची माती बाहीनं पुसली आणि धावू लागला. धावणं कसलं, जड पावलं टाकणं. पुढे तिची वेणी हलत होती, पाठ घामानं भिजलेली होती. त्या पाठीवर त्यानं हात ठेवला होता तो शेवटचा कधी, त्याला आठवेना. त्यानं हात लांब केला. बोटांच्या टोकांना तिच्या धावण्याचा वारा लागला, आणि ती वळून दोन विटांमधून पलीकडे गेली. त्याला तिथून जाता येत नव्हतं. तो सरळ खुंटाकडे धावत राहिला.